हा कोणाच्या देव्हाऱ्यातला?

लातूरला एका परिचितांच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेचे कपाट आहे. आफ्रिकेतल्या दोन-तीन देशांत पंधरा-सोळा वर्षे नोकरी करून ते गावी परतले, तेव्हा येताना हा संसार सोबत आणला. काळ्याभोर लाकडाच्या उंच सडपातळ मूर्ती, कवड्या शिवलेला भोपळा, पितळेची जाड कडी, मण्यांचे हार, एक हस्तिदंती बांगडी. वरच्या फळीवर एकटाच ठेवलेला लाकडी मुखवटा. लांबट चेहरा, मिटलेले डोळे, कपाळावर खाचा आणि कडेने बारीक भोकांची रांग.

ही भोके कशाची, असे मी विचारले. जुने लाकूड आहे, कीड लागली असेल, असे ते म्हणाले. ती भोके किडीची नव्हती. अशा भोकांतून झाडाच्या वाखाचा घोळदार अंगरखा मुखवट्याला बांधतात. तो अंगरखा, तो अंगात घालून नाचणारा माणूस, त्याच्या पायातली घुंगरे, भोवतीचे ढोल आणि गोल करून उभे राहिलेले गाव मिळून मुखवटा होतो. लातूरला त्यातले फक्त लाकूड पोचले होते.

किंमत त्यांना आठवत होती. शहर आणि दुकान आठवत होते. मुखवटा कोणत्या लोकांचा, कोणत्या दिवशी घालायचा, आणि त्या लोकांनी तो हातचा का सोडला, हे त्यांनी विचारले नव्हते. विचारायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. म्हणून दोष एकट्या त्यांच्या पदरात टाकून मला मोकळे होता येत नाही. जुनी वस्तू पाहिली की आपण सगळेच दोन प्रश्न विचारतो: किती जुनी आणि कितीला घेतली? तिसरा प्रश्न आपल्या तोंडात येत नाही. ती आधीच्या माणसाच्या हातून सुटली कशी? हा प्रश्न आपल्या घराघरांत शिरावा, एवढ्यासाठी मी हे लिहितो आहे.

त्याच घरात, काचेच्या कपाटापासून दहा पावलांवर, माडीवर एक लाकडी पेटी आहे. तिच्यात मऊ सुती कापडात गुंडाळलेले दोन पितळी मुखवटे आहेत. भाद्रपदात त्या घरी महालक्ष्म्या बसतात. महाराष्ट्रात इतर अनेक ठिकाणी ज्यांना गौरी म्हणतात, त्यांना मराठवाड्यात आपण महालक्ष्म्या म्हणतो. तीन दिवस त्या मुखवट्यांना साड्या नेसवतात, दागिने घालतात, सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवतात, आणि मग हळदीकुंकू लावून पुन्हा पेटीत ठेवतात. वर्षभर ती पेटी कोणी उगीच उघडत नाही. हे मुखवटे कोणी न्यूयॉर्कच्या एखाद्या बैठकीत खिळ्याला टांगले, खाली दिवा सोडला आणि पाहुण्यांना ‘भारतीय आदिम कला’ म्हणून दाखवले, तर त्या घरच्या आजीला काय वाटेल? मी त्या परिचितांना हेच विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले.

आफ्रिकेच्या वस्तूंबद्दल बोलताना आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला अधिक टोचते. पाहुणे येतात, मुखवट्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, जंगली लोकांचे भयानक देव! ‘हबशी’ हा शब्द आपण आजही शिवीसारखा वापरतो. शिवी देणाऱ्याला ठाऊक नसते की ज्या मातीत उभा राहून तो ही शिवी देतो, ती माती एका हबशाने राखली होती. इथिओपियात सोळाव्या शतकाच्या मध्याला जन्मलेला मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याचे नाव मलिक अंबर. जहांगीराच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनेत पाय रोवू दिले नाहीत. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत त्याच्यामागेही लोकांच्या आठवणीत राहिली. लातूर जिल्ह्यातला औसा काही काळ त्याच्या नावावरून अंबरपूर म्हणवला गेला, असे औशाच्या इतिहासात सांगतात. अशा माणसाच्या खंडातून आलेल्या कलेला आपण जंगली म्हणतो. ती वस्तू मग कशीही आली तरी आपल्या मनाला बोचत नाही, कारण ती घडवणाऱ्याला आपण आधीच आपल्यापेक्षा खालचा ठरवलेला असतो. पहिली चोरी इथे होते.

त्या कारागिरांची विद्या आपल्या विद्येची सख्खी बहीण आहे, हेही सांगितले पाहिजे. नायजेरियातल्या बेनिनच्या राजवाड्यातले पितळेचे ओतीव पत्रे आणि मस्तके आज जगभर नावाजली जातात. ती मेण गाळून ओतलेली आहेत. आधी मेणाचा आकार घडवायचा, त्यावर मातीचा लेप चढवायचा, तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. आपले ओतारी देवांच्या मूर्ती असेच ओततात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही कृती लिहून ठेवली आहे. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लगेच. त्याच चालुक्यांच्या काळातली देवळे देगलूर तालुक्यात होट्टलला उभी आहेत. होट्टलचा दगड आपला म्हणून आपण मान वर करतो. बेनिनचे पितळ तेवढ्याच तयारीच्या हातांनी घडवले आहे.

आणि ते बेनिनबाहेर गेले कसे? १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज फौजेने बेनिनवर चाल केली, राजाला पदच्युत करून हद्दपार केले, राजवाडा लुटला, शहर जळाले. हजारो वस्तू इंग्लंडला नेल्या, त्यातल्या पुष्कळ विकल्या. पुढे त्या जर्मनी, अमेरिका, हॉलंडच्या संग्रहालयांत पसरल्या. ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांनी रोख पैसे मोजले होते, पावत्या घेतल्या होत्या. सव्वाशे वर्षांनी, २०२२ मध्ये, जर्मनीने अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे देण्याचा करार केला. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंची मालकी सोडली. म्हणजे पावती असूनही मालकी टिकली नाही. ‘मी पैसे दिले आहेत’ हे उत्तर जगात आता पुरेसे मानले जात नाही. आपल्याकडेही ते पुरेसे मानू नये.

इथे कोणी म्हणेल, ही गोऱ्यांची पापे, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो मुंबई बंदरातून जातो. १८६७-६८ मध्ये इथिओपियाचा सम्राट थिओड्रोस याच्याविरुद्ध इंग्रजांनी जी मोहीम काढली, ती मुंबईहून निघाली. सेनापती सर रॉबर्ट नेपियर हा मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. सुमारे तेरा हजारांच्या त्या फौजेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि तोफा डोंगरावर चढवायला आपल्याकडूनच ४४ हत्ती जहाजांत घालून नेले होते. १८६८ च्या एप्रिलमध्ये त्याचा मगदाला किल्ला पडला. सम्राटाने स्वतःला गोळी घातली. किल्ल्यातल्या देवळांतले मुकुट, सोन्याचा पूजेचा चषक, क्रूस, शेकडो हस्तलिखिते सैनिकांनी लुटली. नंतर माळरानावर त्यांचा लिलाव झाला. ती लूट वाहून न्यायला पंधरा हत्ती आणि जवळजवळ दोनशे खेचरे लागली, अशी नोंद आहे. मुंबईहून गेलेले हत्ती येताना इथिओपियाचे देव्हारे पाठीवर घेऊन उतरले. सम्राटाचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू यालाही इंग्लंडला नेले. तो तिथेच अठराव्या वर्षी वारला आणि विंडसरला पुरला गेला. त्याच्या अस्थी मायदेशी द्या, ही इथिओपियाची मागणी २०२३ मध्येही नाकारली गेली.

मगदालाचा मुकुट आणि चषक आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. २०२४ च्या जुलैत साताऱ्याला जी वाघनखे आली, ती याच संग्रहालयातून आली. किती उत्साह होता! रांगा लागल्या, म्हाताऱ्या माणसांनी काचेला हात जोडले. पण ती परत आलेली नाहीत. तीन वर्षांसाठी उसनी आली आहेत. इथिओपियालाही याच संग्रहालयाने २०१८ मध्ये दीर्घ मुदतीने उसने देण्याचा पर्याय सुचवला होता. स्वतःच्याच देवळातला चषक उसना घ्यायचा, या कल्पनेने इथिओपियाच्या माणसाला काय वाटते ते समजायला मराठी माणसाला दुभाषा लागू नये.

दुसरे उदाहरण अजून ताजे आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती सोडवली ते योग्यच केले, मला त्याचा आनंद झाला. पण आपली वस्तू आपल्याला लिलावात बोली लावून घ्यावी लागते, ही वेदना एकदा सोसल्यावर दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहताना आपली नजर बदलायला नको का? ज्याच्या मनात तलवारीसाठी कळ उठते आणि मुखवट्यासाठी उठत नाही, त्याचा अभिमान अजून कच्चा आहे.

केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंडा नावाचे लोक राहतात. त्यांच्यात मोठा मान असलेला वडीलधारा वारला की त्याच्यासाठी कोरीव लाकडी खांब उभारतात. एका खांबाला किगांगो म्हणतात, अनेकांना विगांगो. पुरुषभर उंचीचा, वर गोल डोके, अंगावर त्रिकोणी नक्षी. त्या खांबात पूर्वजाचा वास आहे अशी श्रद्धा. वस्ती हलली तरी तो जागचा हलवायचा नाही, ऊन-पावसात झिजून मातीत मिसळेपर्यंत तसाच राहू द्यायचा. १९७० नंतरच्या दशकांत हे खांब उपटून नेण्याचा धंदा सुरू झाला. गरीब पोरे रात्री खांब काढून दुकानदाराला विकत, दुकानदार प्रवाशांना विकत, आणि अमेरिकेतल्या धनिकांच्या घरांतून ते देणगी म्हणून संग्रहालयांत पोचत. १९८५ मध्ये मोनिका उडवार्डी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने एका वृद्धाचा त्याच्या घराण्यातल्या अशा दोन खांबांशेजारी फोटो काढला. थोड्याच दिवसांत ते खांब चोरीला गेले. पुढे ते अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या संग्रहांत सापडले. त्यातला एक २००७ मध्ये केनियात त्या कुटुंबाकडे परत आला. तो फोटो काढला नसता तर काहीच सिद्ध झाले नसते. एका कागदाने पूर्वज घरी आणला.

आता आपल्या देव्हाऱ्यात डोकावू. आपले टाक याहून वेगळे काय आहेत? चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला खंडोबा, भवानी, बहिरोबा, आणि त्यांच्याच रांगेत घराण्यातले वीर, सवाशीण, मूळपुरुष. लग्नानंतर कुलाचाराला जाताना टाक सोबत नेऊन देवाला भेटवतात. झिजून चेहरा पुसला तरी तो कोण हे घरच्या म्हातारीला ठाऊक असते, आणि फारच झिजला तर नदीत सोडून नवा घडवतात. विकत नाहीत. असा रिवाज होता, असे आता म्हणावे लागते. भाऊ वेगळे होतात, नवी पिढी पुण्याला जाते, सदनिकेत देव्हारा लहान होतो आणि टाकांची पुरचुंडी सराफाच्या काट्यावर येते. काटा चांदीचा कस आणि वजन पाहतो, टाकावरचा वीर पाहत नाही. काही टाक मुशीत जातात. चेहरा ठळक असलेले बाजूला निघतात आणि मोठ्या शहरांतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत जातात. तिथे मखमलीवर ठेवलेल्या टाकाखाली गावाचे नाव नसते आणि आडनावही नसते.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. त्यातल्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानी थोडा वेळ उभे राहा. घंगाळ, हंडा, तपेली, समई, पानाचा डबा, सगळे किलोवर मोडीत येते. दुष्काळाच्या वर्षी तर फारच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला येत होते. त्या दिवसांत एक बाई तांब्याचा हंडा मोडीत घालताना मी पाहिली. हंड्यावर तिच्या सासूचे नाव टाकीने कोरलेले होते. पैसे मोजून घेतल्यावर तिने त्या नावावरून एकदा बोट फिरवले आणि उठली. तो हंडा पुढे कोणी हौसेने घेतला असेल, छान चकाकी देऊन त्यात फुलझाड लावले असेल. घेणाऱ्याने चोरी केली असे मी म्हणत नाही. पण मिजिकेंडा पोराने विकलेला खांब आणि या बाईने विकलेला हंडा यांच्यामागे अडलेपण एकच आहे. अडलेल्या माणसाने दिलेली वस्तू त्याने राजीखुशीने दिली, असे समजून चालू नये.

वाड्यांचेही तेच झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसे गेली, बावन्न गावे नव्या जागी वसली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची लोकांच्या मनात धास्ती बसली. ती धास्ती खरी होती, तिला मी नावे ठेवणार नाही. पण माळवद उतरवताना सागवानी खांब, कोरीव चौकटी, गणेशपट्टीचे दार यांची नोंद कोणी ठेवली? आज मोठ्या शहरांतल्या उपाहारगृहांत जुनी कोरीव दारे दिमाखात उभी असतात. कोणत्या गावची, कोणत्या सुताराची, सांगणारे कोणी नाही.

आणि सरळ चोऱ्याही आहेतच. ऑगस्ट २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ येथून, समर्थ रामदासांच्या जन्मगावाहून, राम-लक्ष्मण-सीतेच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. सारा मराठवाडा हळहळला. पुढच्या काही महिन्यांत पोलिसांनी मूर्ती शोधून आणल्या. अशा मूर्ती चोरणारा स्वतः पूजा करायला चोरत नाही. कुठेतरी, कधीतरी, कोणीतरी प्रश्न न विचारता घेईल या भरवशावर चोरतो. तो न विचारणारा गिऱ्हाईक नसेल तर रात्री कुलूप तोडायला कोणी जाणार नाही.

हस्तिदंताबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्या कपाटातली बांगडी अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. लातूरपासून जवळच गोरोबाकाकांचे तेर आहे. तेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवृत्तात पैठण आणि तगरचा माल गाड्यांवरून भडोचला जात असल्याचे लिहिले आहे, आणि त्याच वृत्तात आफ्रिकेच्या बंदरांतून निघणाऱ्या हस्तिदंताचाही उल्लेख आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या राखेतून निघालेल्या भारतीय मूर्तीशी नाते सांगते. असा हा व्यापार दोन हजार वर्षे जुना. एकोणिसाव्या शतकात तर झांझिबारचा हस्तिदंत मुंबईच्या गोद्यांत उतरत असे. पण त्याची किंमत कोणी मोजली? १९७९ च्या सुमारास आफ्रिकेत तेरा लाख हत्ती असावेत असा अंदाज होता. दहा वर्षांत ते सहा लाखांवर आले. १९८९ मध्ये जगाने हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचे ठरवले. भारताने १९८६ मध्ये देशी आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद केला. तेव्हा कुणी ‘जुना आहे, आजोबांचा आहे’ म्हणून हस्तिदंत विकायला आणला तर घेऊ नका. ‘जुना’ या शब्दाच्या आडूनच नवा हस्तिदंत जगभर खपवला गेला. घरात असेल तर लपवू नका, वन खात्याला विचारून त्याची कायदेशीर स्थिती समजून घ्या.

संग्राहकांच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो पोकळ नाही. आम्ही घेतले म्हणून वाचले, नाहीतर वाळवीने खाल्ले असते, मुशीत गेले असते. खरे आहे. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, वज्री, बाहुल्या, स्वयंपाकाची भांडी आयुष्यभर वेचली नसती तर आपल्या आज्या कोणत्या वस्तूंत जगल्या हे आपल्याला कळले नसते. पण केळकरांनी तो संग्रह स्वतःच्या वैभवासाठी कोंडून ठेवला नाही. लहानपणी गेलेल्या मुलाचे नाव त्याला दिले आणि सारे राज्याच्या हवाली केले. आमच्या जवळचे उदाहरण तर मला त्याहून प्रिय आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी गृहस्थ. पावसाने टेकाडे धुपली की तेरच्या शेतांत मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती वर येत. त्या त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. वीस हजारांवर वस्तू झाल्या. मनात आणले असते तर परदेशी गिऱ्हाइकांनी त्यांचे घर सोन्याने भरले असते. त्यांनी तो संग्रह शासनाला दिला आणि तो तेरमध्येच राहिला. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय त्या गावात आहे. ज्या मातीतून मणी निघाला त्या मातीपासून चालत जाण्याच्या अंतरावर तो ठेवलेला आहे. वाचवणे याला म्हणतात. गावाच्या हातून काढून दूर नेऊन कुलपात ठेवणे याला दुसरे नाव शोधावे लागेल.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंहांची शस्त्रे आहेत. रोज संध्याकाळी ती संगतीला दाखवतात. लोक डोके टेकवतात, मुले टाचा उंचावून पाहतात. १७०८ मध्ये गुरू नांदेडला ज्योतीजोत समावले, तेव्हापासून ही शस्त्रे त्यांच्याच लोकांत आहेत. ती कुणा लक्षाधीशाच्या कपाटात असती तर उत्तम पोलादाचे नमुने म्हणून जाणकारांनी वाखाणली असती. पण तीनशे वर्षांची संध्याकाळ त्यांना मिळाली नसती.

म्हणून जमवूच नये का? जमवावे. सुंदर वस्तूची ओढ हा चांगल्या मनाचा गुण आहे. आफ्रिकेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी सांगेन, जिवंत कारागिराच्या हातचे घ्या. टांझानिया आणि मोझांबिकच्या सीमेवरचे माकोंडे कारागीर काळ्या लाकडात एकमेकांच्या खांद्यांवर चढलेल्या माणसांचे अखंड मनोरे कोरतात. केनियाचे कांबा लोक कोरीवकामावर संसार चालवतात. त्यांच्याकडून नवे घ्या, घासाघीस न करता घ्या, कारागिराचे आणि गावाचे नाव लिहून घ्या. बाजारात धुराने काळवंडवून ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून विकलेला मुखवटा बहुधा गेल्या पावसाळ्यात घडवलेला असतो. तो नवा म्हणून विकला असता तर त्यात काहीच कमीपणा नव्हता. आपल्या जुन्याच्या हव्यासाने त्या कारागिराला खोटे बोलायला लावले. हाच नियम उदगीरपलीकडच्या बिदरला लागू आहे. दुकानात काळवंडलेला जुना बिदरी हुक्का शोधत हिंडण्यापेक्षा आज चांदीची तार ठोकणाऱ्या माणसासमोर बसा आणि त्याला काम सांगा.

खरोखर जुनी वस्तू समोर आली तर मात्र हात आखडता घ्या. कायदा काय म्हणतो ते आधी माहीत असू द्या. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. शेतात दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, असा कायदा १८७८ पासून आहे. नायजेरियासारख्या देशांतही परवानगीशिवाय पुराणवस्तू बाहेर काढणे गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी माणुसकी येते. विकणारा नाव-गाव सांगायला कचरतो, आकडा पटकन खाली आणतो, रात्री भेटायला बोलावतो, मागची कहाणी दर वेळी बदलतो, तेव्हा उठून यावे. कितीही सुंदर असली तरी.

त्या परिचितांकडे मी गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. कपाट तसेच आहे. मुखवटा मात्र फळीवर नव्हता. त्यांनी तो खाली काढून कापडात गुंडाळला होता आणि सोबत एक कागद ठेवला होता. कोणत्या साली, कोणत्या शहरात, कोणाकडून घेतला, किती दिले, काय विचारले नाही, सगळे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. त्याचे चारी बाजूंनी फोटो काढून त्यांनी त्या देशाच्या वकिलातीला पत्र पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. कदाचित येणार नाही. पण त्यांच्या सूनबाई म्हणाल्या की, महालक्ष्म्यांच्या पेटीतही आता असाच एक कागद ठेवायचा आहे, सासूबाई आहेत तोवर त्यांना विचारून.

तुमच्या घरातही एखादी म्हातारी असेल जिला प्रत्येक टाकाचे नाव ठाऊक आहे. येत्या पितृपंधरवड्यात तिच्याजवळ वही-पेन घेऊन बसा. ती सांगेल ते तिच्या शब्दांत उतरवा, प्रत्येक टाकाचा फोटो काढा आणि कागद देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवा. वाडा उतरवायचा असेल तर दार विकण्याआधी एकदा गावच्या शाळेला विचारा. आणि परदेशातून येणाऱ्या भाच्याला, जावयाला, शेजाऱ्याला, त्याने आणलेली वस्तू हातात घेऊन, प्रेमाने विचारा: हा कोणाच्या देव्हाऱ्यातला?